मित्र निवडणुकीला उभा राहतोय आणि हिशेब तुमच्याकडे आलाय?

2024 च्या विधानसभेला माझा एक शाळासोबती ठाणे जिल्ह्यातल्या एका मतदारसंघातून अपक्ष उभा राहिला. अर्ज भरून बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात निवडणूक खर्च लिहायची एक जाडजूड वही होती. आत पांढरी, गुलाबी आणि पिवळी पानं, प्रत्येक पानावर छापील क्रमांक. "तू बँकेत होतास, हे तूच बघ," म्हणाला आणि वही माझ्या हातात ठेवून पदयात्रेला निघून गेला. पुढचे पंचवीस दिवस ती वही माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर होती. त्या दिवसांत जे कळलं, जे चुकलं आणि जे वेळेवर सावरता आलं, ते इथे क्रमानं लिहितो आहे. कुणी ओळखीचं माणूस उभं राहणार असेल, तर हिशेब कुणाकडे तरी येणारच. तो तुमच्याकडे येऊ शकतो.

आधी कायदा थोडक्यात. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 77 नुसार प्रत्येक उमेदवारानं अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा निवडणूक खर्च स्वतंत्र आणि अचूक लिहायचा असतो. हे दोन्ही दिवस त्यात धरलेले आहेत. महाराष्ट्रात खर्चाची कमाल मर्यादा विधानसभेला 40 लाख आणि लोकसभेला 95 लाख. हे आकडे जानेवारी 2022 पासून लागू आहेत. कलम 78 प्रमाणे निकालानंतर 30 दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, उमेदवार जिंकलेला असो वा अनामत गमावलेला. दिला नाही, किंवा नियमाप्रमाणे दिला नाही आणि त्याला पटेल असं कारण नसलं, तर कलम 10 क खाली निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. मर्यादा ओलांडली तर कलम 123 (6) प्रमाणे तो भ्रष्ट आचार ठरतो.

आपल्या ठाणे-नवी मुंबई भागातल्या लोकांनी एक गोष्ट आधीच पाहून घ्यावी. ऐरोली आणि बेलापूर हे मतदारसंघ ठाणे जिल्ह्यात मोडतात, म्हणून तिथल्या उमेदवाराचा जिल्हा निवडणूक अधिकारी म्हणजे कोर्ट नाक्यावरचे ठाण्याचे जिल्हाधिकारी. खारघर, कामोठे पनवेल मतदारसंघात येतात आणि पनवेल रायगड जिल्ह्यात, म्हणजे कारभार अलिबागचा. आणि ही निवडणूक महापालिकेची असेल, तर ती राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथली खर्चमर्यादा वेगळी, नमुने वेगळे. मी खाली लिहितोय ते विधानसभा आणि लोकसभेचं आहे. रोजच्या रोज लिहायची सवय मात्र दोन्हीकडे सारखीच लागते.

अर्ज भरण्याच्या आदल्या दिवसापर्यंत: खातं

निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं हवं, आणि ते अर्ज भरण्याच्या निदान एक दिवस आधी उघडलेलं हवं. जुनं बचत खातं चालत नाही. खातं उमेदवाराच्या एकट्याच्या नावावर किंवा निवडणूक प्रतिनिधीसोबत (उमेदवारानं आपल्या वतीनं अधिकृत नेमलेला माणूस) संयुक्त असू शकतं. बायको प्रतिनिधी नसेल तर तिच्यासोबतचं संयुक्त खातं घेत नाहीत. सहकारी बँक चालते, पोस्टही चालतं. आमच्या मित्रानं नेहमीच्या सहकारी बँकेत काम उरकलं, पण चेकबुक यायला चार दिवस लागले आणि ते चार दिवस फार अडचणीचे गेले. दिवाळीच्या सुट्ट्या मध्ये असतील तर दोन आठवडे आधीच सुरुवात करा. त्या वर्षी अर्ज भरायची मुदत 22 ते 29 ऑक्टोबर होती आणि 1 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. बँका बंद, मंडपवाला गावी, छापखान्याला कुलूप.

सगळा पैसा याच खात्यातून आला आणि गेला पाहिजे. उमेदवाराच्या खिशातला पैसासुद्धा आधी खात्यात भरायचा, मग खर्च करायचा. "आत्ता मी देतो, नंतर बघू" हे वाक्य पहिल्याच दिवशी बंद करायला सांगा. मी सांगितलं तेव्हा मित्र थोडा रागावला. तिसऱ्या दिवशी कुणाला काय दिलं हे त्यालाच आठवेना, तेव्हा ऐकलं.

देणग्या कुणाकडून घ्याव्यात

एका माणसाकडून किंवा संस्थेकडून दहा हजारांपेक्षा जास्त रक्कम रोख घेता येत नाही. त्यावरचं सगळं चेक, ड्राफ्ट किंवा ऑनलाइन. प्रत्येक देणाऱ्याचं नाव, पत्ता आणि रक्कम लिहा, पावती द्या. शेवटी ती नावं हिशेबाच्या परिशिष्टात जातात. जो "माझं नाव कुठे येऊ देऊ नका" म्हणतो, त्याचे पैसे नम्रपणे परत करा. आमच्याकडे असे दोघे आले होते. दोघांनाही चहा पाजून परत पाठवलं.

ठाण्यात प्रत्येक सोसायटीत कुणी ना कुणी परदेशात आहे, त्यामुळे हा प्रश्न येणारच. वर्गमित्र अमेरिकेत आहे पण पासपोर्ट भारतीय आहे, तर तो परकीय स्रोत नाही. त्याच मित्रानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर परकीय योगदान नियमन कायदा 2010 प्रमाणे उमेदवाराला त्याच्याकडून पैसे घेता येत नाहीत. पैसे येण्याआधी विचारा. खात्यात जमा झाल्यावर विचारलं तर परत करण्याचाही कागद ठेवावा लागतो.

देणारे करसवलतीचं विचारतात. आयकर कायद्यातली सवलत (2024 साली कलम 80 जीजीसी) राजकीय पक्षाला किंवा इलेक्टोरल ट्रस्टला, म्हणजे देणग्या गोळा करून पक्षांना देणाऱ्या संस्थेला, दिलेल्या देणगीसाठी आहे, आणि रोख देणगीवर तीही नाही. अपक्ष उमेदवाराला दिलेल्या पैशावर सवलत मिळत नाही. हे आधीच सांगून टाका, नाहीतर मार्चमध्ये फोन येतात.

वहीची तीन रंगांची पानं

पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च: तारीख, कशासाठी, किती नग, काय दर, एकूण, कुणाला दिले त्याचं नाव-पत्ता, बिलाचा क्रमांक, आणि खर्च उमेदवारानं केला, पक्षानं केला की आणखी कुणी. गुलाबी पानांवर रोख जमाखर्च. पिवळ्या पानांवर बँक. तिन्ही रंगांचा मेळ रोज बसला पाहिजे. बँकेतून पाच हजार काढले तर पिवळ्यावर वजा, गुलाबीवर जमा. त्यातून साडेतीनशेचं पेट्रोल टाकलं तर गुलाबीवर वजा आणि पांढऱ्यावर नोंद.

लाउडस्पीकर रात्री दहाला बंद होतो. साडेदहाला माझ्याकडे दोन पोरं यायची, एकाकडे बिस्किटाचा पत्र्याचा डबा. दिवसभराची बिलं त्यात. टेबलावर डबा उलटा करायचा, एकेक कागद वाचायचा, न कळलेल्या कागदासाठी तिथल्या तिथे फोन लावायचा, बिलावर क्रमांक टाकायचा, वहीत लिहायचं, रोख मोजायची. पाऊण तास लागायचा. एका रात्री कंटाळून "उद्या दोन्ही दिवसांचं लिहू" म्हटलं. दुसऱ्या दिवशी चारशे रुपये कमी भरले. कशाचे ते आजतागायत कळलं नाही. मी ते माझ्याकडून भरले आणि पुन्हा कधी रात्र चुकवली नाही.

रेल्वे तिकीट किंवा टपालासारख्या खर्चाला व्हाउचर मिळणं शक्य नसतं, तिथे नियमच सूट देतो. बाकी प्रत्येक खर्चाला कागद हवा.

दहा हजारांची मेख

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. रोखीनं देण्याची दहा हजारांची मर्यादा एका व्यवहाराची नसते. एका माणसाला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत मिळून दिलेल्या रकमेची असते. आमच्या कार्यालयाखालच्या टपरीवरून रोज नऊशेचा चहा-वडापाव यायचा. पोरं रोज रोख द्यायची. प्रत्येक चिठ्ठी लहान, कुणाला वावगं वाटायचं कारण नाही. मी अकराव्या रात्री बेरीज केली तर नऊ हजार नऊशे. बाराव्या दिवशी रोख दिले असते तर मर्यादा मोडली असती. टपरीवाल्या काकांकडे क्यूआर कोड होताच. त्या दिवसापासून निवडणुकीच्या खात्यातून ऑनलाइन.

म्हणून वहीच्या मागे एक साधा कागद ठेवा. चहावाला, पेट्रोल पंप, झेरॉक्स, फुलवाला, रिक्षावाला, प्रत्येकाच्या नावाखाली चालती बेरीज. सात हजारांवर गेला की त्याच्याभोवती लाल गोल करायचा आणि पुढचं पेमेंट खात्यातून.

बिल न देणारे, आणि फुकट देणारे

मंडपवाल्याशी पहिलं बोलणं असं झालं. "साहेब, बिल पाहिजे? मग टॅक्स लागेल. असंच करू या ना, तुमचेही वाचतील." मी म्हटलं, "दादा, टॅक्स लावा, पण खुर्च्यांचा आकडा आणि तारीख बिलावर टाका." त्याला वाटलं मी नवखा आहे. बिलाशिवायचा व्यवहार स्वस्त वाटतो, पण खर्च तर कॅमेऱ्यात दिसलेलाच असतो.

तो कसा दिसतो ते मला एका चौकसभेनं शिकवलं. आम्ही मंडपवाल्याकडून 200 खुर्च्या घेतल्या, 200 चं पक्कं बिल लावलं. तीन दिवसांनी नोंदवही तपासायला नेली तेव्हा निवडणूक यंत्रणेच्या लेखा पथकाच्या वहीत त्याच सभेच्या 350 खुर्च्या. मी म्हटलं, चूक आहे. त्यांनी शांतपणे चित्रीकरण लावलं. ओळी मोजता येत होत्या. दीडशे खुर्च्या शेजारच्या सोसायटीनं आपल्या हॉलमधून दिल्या होत्या, प्रेमानं, फुकट. आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही की त्या लिहायच्या असतात.

फुकट मिळालेलीही प्रत्येक वस्तू बाजारभावानं खर्चात धरायची असते. मित्राची गाडी, काकांचा टेम्पो, भाच्यानं केलेलं पोस्टरचं डिझाइन, कुणी दिलेली जागा. पांढऱ्या पानावर "इतर" या रकान्यात देणाऱ्याचं नाव घालून दरपत्रकाच्या भावानं रक्कम टाकायची. हे दरपत्रक जिल्हा निवडणूक अधिकारी पक्षांशी चर्चा करून ठरवतात: खुर्ची, मंडप, स्पीकर, जीप, उपरणं, टोपी, चहा, जेवणाचं ताट, सगळ्याचे दर. पहिल्याच दिवशी त्याची प्रत मागून घ्या आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवा. तुमचं बिल दरपत्रकापेक्षा बरंच कमी असेल तर विचारणा होणार हे गृहीत धरा.

आधी घेऊन ठेवलेलं साहित्यही असंच. पत्रकं सप्टेंबरमध्ये छापली आणि वाटली नोव्हेंबरमध्ये, तर खर्च नोव्हेंबरचा. अर्ज भरतानाची मिरवणूक, ढोल-ताशे, हार, सगळं पहिल्या दिवसाच्या खर्चात. आणि निकालाच्या दिवसाचा गुलाल आणि डीजेसुद्धा, कारण तो दिवस मुदतीत येतो. जिंकण्याच्या आनंदात हे हमखास राहून जातं.

एखाद्या उत्साही समर्थकानं स्वतःहून फ्लेक्स लावला, रिक्षा फिरवली, तर उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय असा खर्च करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 176 खाली गुन्हा आहे. त्याला प्रेमानं बसवून समजावा. परवानगी द्यायची असेल तर लेखी द्या आणि रक्कम वहीत घ्या.

छपाई आणि मोबाइल

कलम 127 क प्रमाणे प्रत्येक पत्रकावर, पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. प्रकाशकानं दोन ओळखीच्या माणसांच्या साक्षीनं घोषणापत्र द्यायचं, आणि छापखान्यानं त्याची प्रत पत्रकासह जिल्हादंडाधिकाऱ्याकडे पाठवायची. ठाण्यातले बरेचजण मुंबईत छापून घेतात. राज्याच्या राजधानीत छपाई झाली तर प्रत मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे जाते, हे छापखान्याला आठवून द्या. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

व्हिडिओ बनवणारा, पेज सांभाळणारी मुलगी, जाहिरातीसाठी कंपनीला दिलेले पैसे, हे सगळं निवडणूक खर्चात येतं. टीव्ही, केबल, सोशल मीडियावरची जाहिरात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडून आधी मंजूर करून घ्यावी लागते. उमेदवारानं निदान तीन दिवस आधी अर्ज करायचा.

बातमीच्या रूपात छापलेली जाहिरात तर घ्यायचीच नाही. उत्तर प्रदेशच्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना असा खर्च न दाखवल्याबद्दल निवडणूक आयोगानं ऑक्टोबर 2011 मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं होतं.

जे वहीत बसतच नाही

दिवाळीत उभं राहिलेल्या उमेदवाराला मोह होतो. उटणं, पणत्या, फराळाचा डबा, त्यावर आपला फोटो. आमच्याकडे एका हितचिंतकानं ठाण्यातल्या तलावपाळीच्या दिवाळी पहाटेला वाटण्यासाठी उटण्याची पाकिटं द्यायची तयारी दाखवली. मी नाही म्हटलं. मतदाराला मतासाठी दिलेली वस्तू कुठल्याही रकान्यात लिहिता येत नाही, कारण ती लाच आहे. पाकीट दहा रुपयांचं असलं तरी. यावर मी मित्राशी भांडलो, आणि पुन्हा भांडेन.

रोकड नेतानाही जपा. उमेदवार, प्रतिनिधी किंवा कार्यकर्त्याच्या गाडीत 50 हजारांपेक्षा जास्त रोख सापडली तर नाक्यावरचं पथक ती जप्त करू शकतं. पैसे काढल्याची बँकेची पावती नेहमी सोबत असू द्या.

तीन तपासण्या

प्रचाराच्या काळात निदान तीनदा वही खर्च निरीक्षकांसमोर न्यायची असते. तारखा आधी कळवतात. निरीक्षक बहुधा बाहेरच्या राज्यातले महसूल सेवेतले अधिकारी असतात, मराठी येईलच असं नाही, म्हणून नोंदी सुवाच्य लिहा. तिथे तुमच्या वहीशेजारी लेखा पथकाची शॅडो नोंदवही उघडली जाते. भरारी पथक, व्हिडिओ पथक, माध्यम समिती यांनी पाहिलेलं सगळं त्यात उतरलेलं असतं. तफावत निघाली तर नोटीस येते आणि 48 तासांत उत्तर द्यायचं असतं. आमच्या दीडशे खुर्च्यांची नोटीस आली, आम्ही सोसायटीचं पत्र जोडून रक्कम मान्य केली, विषय संपला. वही नेलीच नाही तर वाहनांची परवानगी जाऊ शकते आणि गुन्हाही नोंदवला जाऊ शकतो.

त्या रांगेत माझ्यापुढे एका मोठ्या उमेदवाराचा लेखापाल होता, दोन सहायक सोबत. मी पिशवीत डबा घेऊन उभा. लहान उमेदवाराकडे वकील नसतो, सीए नसतो, पण ही वही असते. ती नीट असेल तर टेबलापलीकडचा माणूस दोघांशी सारखंच बोलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सारखेपणा तिथेच संपतो, तेही खरं. 40 लाखांची मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या 40 स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या खात्यात येत नाही, ती सोय कलम 77 मध्येच आहे. फक्त उमेदवार त्यांच्या व्यासपीठावर बसला किंवा सभेच्या पोस्टरवर त्याचं नाव-फोटो असला, तर सभेच्या खर्चाचा वाटा त्याच्यावर येतो. पक्षांकडे पैसा कुठून येतो हे 2018 पासून निवडणूक रोख्यांनी झाकलं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं 15 फेब्रुवारी 2024 ला एकमतानं ती योजना घटनाबाह्य ठरवली आणि मार्चमध्ये देणाऱ्या-घेणाऱ्यांची नावं लोकांसमोर आली. तरीही वीस हजारांपर्यंतच्या देणग्यांची नावं पक्षांना आयोगाला कळवावी लागत नाहीत. ज्याच्याकडे खुर्च्या मोजतात आणि ज्याच्याकडे हेलिकॉप्टर मोजत नाहीत, त्या दोघांत झालेली निवडणूक मला बरोबरीची वाटत नाही. पक्षखर्चालाही मर्यादा हवी, असं माझं ठाम मत आहे.

निकालानंतरचे 30 दिवस

23 नोव्हेंबरला निकाल लागला. मित्र हरला. दुसऱ्या दिवसापासून कार्यकर्ते फोन उचलेनात, आणि नेमकं तेव्हाच उरलेली बिलं गोळा करायची असतात. मतदानाच्या दिवसाचा हिशेब आधी लावा: केंद्रापासून 200 मीटर पलीकडची टेबलं, खुर्च्या, प्रतिनिधींचं जेवण. न दिलेली बिलंही लिहायची, "देणे बाकी" म्हणून.

मुदत संपण्याच्या काही दिवस आधी जिल्हा पातळीवर ताळमेळ बैठक होते, ती चुकवू नका. शॅडो नोंदवहीतला जो फरक राहिला असेल तो मिटवायची ती शेवटची जागा. मग गोषवारा, परिशिष्टं, उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र, तिन्ही रंगांच्या नोंदी, तारखेनुसार क्रमांक घातलेली बिलं आणि बँकेचं स्टेटमेंट. उमेदवाराची सही पानापानावर लागते. हरलेला उमेदवार सहीला मिळत नाही, म्हणून त्याला घरी गाठा. मी रविवारी सकाळी गेलो, वहिनींनी पोहे केले, आणि आम्ही सह्या संपेपर्यंत निकालावर एक शब्द बोललो नाही.

जमा केल्याची पोचपावती घ्या आणि संपूर्ण संचाची झेरॉक्स घरी ठेवा. निकालापासून 45 दिवसांत मतदारसंघातला कुठलाही उमेदवार किंवा मतदार निवडणूक याचिका दाखल करू शकतो, तेव्हा कागद हाताशी हवेत. शिवाय 1961 च्या निवडणूक नियमांतल्या नियम 88 प्रमाणे कुणीही नागरिक एक रुपया भरून कुठल्याही उमेदवाराचा हा हिशेब पाहू शकतो, ठरलेलं शुल्क भरून प्रतही घेऊ शकतो. आमचा हिशेब दिल्यावर आठवड्याभरानं मी पुन्हा कोर्ट नाक्याला गेलो, एक रुपया भरला आणि आमच्याच मतदारसंघातल्या दुसऱ्या एका उमेदवाराचं बाड मागितलं. चौकसभांची पानं काढली आणि खुर्च्या मोजायला बसलो.